बावची कुणासाठी?

माझी नात ऋतुजा सत्तावीस वर्षांची आहे आणि तिला म्हातारपणाची भीती वाटते. मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि मला तिच्या कपाटाची भीती वाटते. त्या कपाटात बाटल्या आहेत. एकीत हिरव्या चहाचा अर्क, दुसरीत डाळिंबाच्या सालीचा, तिसरीत द्राक्षाच्या बियांचा, चौथीत हळदीचा. काम सगळ्यांचं एकच. उन्हाने कातडी लवकर म्हातारी होते म्हणे, ती होऊ द्यायची नाही. ही मुलगी पुण्यात सकाळी इमारतीच्या तळघरात गाडीत बसते आणि ऑफिसच्या तळघरात उतरते. ऊन तुला भेटतं तरी कुठे, असं विचारलं तर म्हणते, "आजी, खिडकीतून येतं." येत असेल बापडं. आमच्या परभणीकडे ते खिडकी शोधत बसत नाही.

यंदा होळीच्या आधी तिने आणखी एक बाटली आणली. तपकिरी, एवढीशी, ड्रॉपर लावलेली, आणि मानपान असा की ती उन्हात ठेवायची नाही, उघडी ठेवायची नाही, दोन थेंबांपेक्षा जास्त घ्यायची नाही. मी भिंग घेऊन वाचायला बसले. 'बाकुचिओल' असं काहीतरी होतं. "हे कशाचं असतं गं?" तिने मोबाइलवर झाडाचा फोटो शोधून दाखवला. जांभळट बारीक फुलांचे गुच्छ, गोल दातेरी पानं, काळ्या बारीक शेंगा.

मी इतकी हसले की कवळी सांभाळावी लागली.

"अगं, ही बावची! ताडकळसच्या पुढे माझ्या माहेरच्या बांधावर उगवते. उपटून फेकतात तिला."

"आजी, काहीही. हे परदेशातसुद्धा वापरतात."

"ते लोक बिचारे, त्यांना बांध नाहीत."

तिला पटेना. योगायोगाने माझ्या भावाच्या नातीचं, शिवानीचं, लग्न तोंडावर आलं होतं. मी ठरवलं, आठवडाभर आधी जायचं, पिशवीभर बावची गोळा करायची आणि हिच्या त्या नाजूक बाटलीपुढे ओतायची. तेव्हा हा प्रवास लग्नासाठी कमी आणि माझी मान वर राहावी म्हणून जास्त होता, हे वाचताना लक्षात असू द्या. त्यापायी एक लग्न मोडायच्या बेताला आलं, ते पुढे सांगते.

परभणी

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. तो सगळ्यांचा सारखाच होतो, आणि मी झोपले होते. परभणीला उतरलो तेव्हा सकाळ कोवळी असायला हवी होती, पण आमच्याकडचं ऊन बालपण न बघताच मोठं होतं. ऋतुजाने फलाटावरच पिशवी उघडली, दोन बोटांवर मलमाच्या दोन लांब रेघा काढल्या आणि तोंड, मान, कानाच्या पाळ्या असं सगळीकडे फासलं. शेजारी पोत्यावर बसलेली एक बाई टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"पोरीला काय झालंय हो माय?"

"पुण्यात राहते," मी सांगितलं.

"आगं बाई," ती म्हणाली. तिला एवढं पुरलं.

न्यायला माझा धाकटा भाऊ मन्मथ, म्हणजे नवरीचा आजोबा, आला होता. त्याचं ताडकळसला किराणा दुकान आहे, आणि तिथून कोसभर पुढे आमच्या गावात घर नि थोडं शेत. उभ्या जन्मात त्याने तोंडाला पाणी आणि कपाळाला भस्म यापलीकडे काही लावलेलं नाही. रोज पूजा झाली की तो भस्माचे तीन पट्टे ओढतो. ते घामाने पुसले गेले की खालची कातडी बाकीच्या कपाळापेक्षा उजळ दिसते, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ऋतुजाच्या आलं.

"आजी, आजोबांच्या कपाळावर सनस्क्रीनचा प्रयोग चालू आहे आणि त्यांना माहीतच नाही."

"काय म्हणायलीय गं ही?" मन्मथने विचारलं.

"तुझं कपाळ पुण्यात विकायला ठेवू म्हणते."

"ठिवा की. पाटी तेवढी मराठीत लावा."

स्टेशनाबाहेर चहा झाला. पुण्यात पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का, आणि विचारताना मान नकाराकडे हलवतात. इथे कुणी विचारत नाही. कप हातात येतो, मग दुसरा येतो, आणि नको म्हटलं तर घरी काही बिघडलंय का याची चौकशी सुरू होते. ऋतुजा तीन ठिकाणी तीन चहा प्यायली आणि जीपमध्ये बसताना म्हणाली, "हिरवा चहा घेतला असता तर अर्क पोटातच तयार झाला असता."

ताडकळसच्या रस्त्याला काळी रानं लागली. ज्वारी काढून आडवी पडली होती, करडई वाळून उभी होती. करडईच्या काट्यांत बायका काम करत होत्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातांत पायमोजे, डोक्याला नि तोंडाला गुंडाळलेला रुमाल, बाहेर नुसते दोन डोळे. ऋतुजाने जीप थांबवली.

"मावशी, तुम्ही तोंडाला काय लावता?"

"रुमाल," आतून आवाज आला. "तू काय लावलीस? पांढरी फटक दिसायलीस."

बाकीच्या रुमालांच्या आतून हसू फुटलं. रुमालातून हसणाऱ्या बाईच्या सुरकुत्या दिसत नाहीत, हा एक फायदा मी तिथे टिपून ठेवला.

ताडकळस, बाजाराचा दिवस

बाजार भरला होता म्हणून आधी तिथेच उतरलो. मिरच्यांचे ढीग, दोरखंड, कुळवाच्या लोखंडी पासा, प्लास्टिकच्या बादल्या, आणि सगळ्यांच्या मध्ये वाट अडवून उभ्या मोटारसायकली. मन्मथला दुकानात लग्नाची खरेदी बघायची होती. तो म्हणाला होता की बांधावर हल्ली तणनाशक मारतात, बावची उरलीय की नाही कुणास ठाऊक. म्हणून मी ऋतुजाला घेऊन अत्तार चाचांच्या दुकानात गेले. हे दुकान माझ्या लहानपणापासूनचं. तेव्हा चाचांचे वडील बसायचे. हिरडा, बेहडा, शिकेकाई, ऊद, सुरमा, सगळ्याचा मिळून एक वास, तो अजून तसाच.

"चाचा, बावची आहे का?"

चाचांनी चष्मा वर केला. मग दुकानात कोण कोण आहे ते बघितलं. मग आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं.

"किसकू होना, अम्मा? घरात कुणाला हाय?"

मला वाटलं, वयामुळे बिचाऱ्यांचा आवाज बसलाय, कानही गेले असतील. म्हणून मी त्यांना ऐकू जावं अशा बेताने, म्हणजे मिरच्यांच्या ढिगापर्यंत जाईल असं, म्हणाले, "आमच्या पोरीसाठी! तोंडाला लावायचीय!"

दुकानात एक बाई उदबत्ती घ्यायला आली होती. तिने उदबत्ती घेतली नाही. चाचा हळहळल्यासारखे म्हणाले, "हमारे पास पुराना माल है, कीड लागलीय. तुमच्या बांधावर ताजी मिळंल. अल्ला शिफा देगा." मी म्हटलं, किती सज्जन माणूस, गिऱ्हाईक परत पाठवतो आणि वर दुवा देतो.

म्हातारपणाने कातडी सैल होते, हे ऋतुजाच्या बाटलीवर लिहिलेलं आहे. त्यासोबत अक्कलही सैल होते, त्यावर अजून कुणी अर्क काढलेला नाही.

बांध

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतावर गेलो. बावची होती. ओढ्याच्या कडेला, तणनाशकाचा पंप जिथे पोचत नाही तिथे, कमरेएवढी, वाळत आलेली, काळ्या शेंगांनी लगडलेली. ऋतुजाने आधी फोटो काढले, मग वास घेतला आणि नाक मुरडलं. मी एक शब्दही बोलले नाही. जिंकलेल्या माणसाने गप्प बसण्यात जी मजा असते ती मी ओढ्याकाठी बसून पुरेपूर घेतली.

"आजी, मग आपण घरीच तेल काढू ना! कच्चं, एकदम नैसर्गिक. कशाला विकत घ्यायचं?"

"नको."

"का?"

का, ते सांगायला मला मागे जावं लागलं. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझी अशी समजूत होती की पूर्णा तालुक्यात माझ्याइतकी देखणी मुलगी नाही. तालुका मी पाहिलेला नव्हता. म्हशीला पाणी पाजायला जाताना मी छत्री घेऊन जायची. म्हैस उन्हात, मी सावलीत. तोंडाला साय, मग बेसन, मग लिंबू, मग शेजारणीच्या डबीतली चोरून घेतलेली स्नो, हे सगळं एकावर एक. एवढं करूनही आरशातली ती बया काळीच. अशात कुणीतरी सांगितलं, बावची कातडीला फार चांगली. मला बघायला मंडळी येणार होती. मी बावची दुधात वाटली, तोंडाला जाड लेप दिला आणि लवकर वाळावा म्हणून माळवदावर उन्हात जाऊन बसले. डोळे मिटून. राणीसारखी.

संध्याकाळपर्यंत राणीचं वांग्याचं भरीत झालं. तोंड लाल, मग फोड, मग काळे डाग. बघायला मंडळी आली तेव्हा पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. आई म्हणाली, लई लाजाळू आहे. ऋतुजाच्या आजोबांना लाजाळू बायको हवी होती. त्यांची किती फसवणूक झाली ते त्यांना पुढे कळलं.

ऋतुजा हसता हसता थांबली. मोबाइलमध्ये डोकं घालून तिने शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. कच्च्या बावचीत म्हणे एक द्रव्य असतं, ते कातडीवर ऊन उलट भडकवतं. बाटलीत भरताना ते वेगळं काढून टाकतात आणि कामाचं तेवढं ठेवतात. "म्हणजे उन्हापासून वाचायला म्हणून कुणी हे कच्चं लावलं, तर ऊनच जाळेल."

"ते माझ्या तोंडावर केव्हाच सिद्ध झालंय."

"मग आपण बी नेऊन माझ्या मैत्रिणीला देऊ. ती प्रयोगशाळेत काम करते."

आम्ही पिशवी भरली. परत येताना मला आईची एक गोष्ट आठवली, जी तेव्हा विचित्र वाटली होती. माझं भाजलेलं तोंड बघून तिने आधी ओरडावं की नाही? तिने पहिला प्रश्न विचारला, "बावची आणताना कुणी बघितलं का तुला?" मला इतकी वर्षं वाटत होतं, तिला माझ्या रूपाची काळजी होती.

येसर-मेतकुटाचा दिवस

लग्नाआधी आमच्याकडे येसर, म्हणजे आमटीचा मसाला, आणि मेतकूट करतात. गल्लीतल्या बायका जमतात, जात्याला हळदकुंकू लावतात, भाजलेल्या डाळी नि मसाल्याचा घमघमाट सुटतो आणि गाणी होतात. वर्षभराच्या चहाड्याही त्याच जात्यावर दळल्या जातात. मी ओट्यावर जुन्या साडीवर बावची वाळत घातली आणि बायकांत जाऊन बसले.

गाणं थांबलं. एकीने ओट्याकडे बघितलं, दुसरीने पहिलीकडे. माझी भावजय सुमन खाली मान घालून डाळ निवडत होती, आणि ती डाळ आधीच निवडलेली होती. अर्ध्या तासात तीन बायकांना घरी कामं आठवली. शिवानी, आमची नवरी, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हे सगळं पाहिलं. ती आजी-आजोबांकडेच वाढलेली, बी.एड. झालेली, शांत, बोलली तर एकच वाक्य बोलणारी मुलगी.

जेवायला शेंगोळे होते, ठेचा होता, करडईच्या तेलाची धार होती. कुणी नीट जेवलं नाही. मन्मथने मला पडवीत बोलावलं.

"आक्का, बावची कशाची दवा हाय, इसरलीस का?"

"कशाची?"

"कोडाची." तो इतक्या हळू बोलला की मला अत्तार चाचा आठवले. "अंगावर पांढरे डाग आले की लोकं बावची आणतेत. आन चोरून आणतेत. तू भर बाजारात म्हणलीस, आमच्या पोरीला लावायचीय. आमच्या घरात पोर कोण हाय?"

मी ओट्याकडे पाहिलं. वाळत पडलेली बावची. नवरीचं घर. मी स्वतःच्या हाताने पाटी लावून ठेवली होती.

"पिंगळीला कळलंय," मन्मथ म्हणाला. "महेशची आत्या उद्या यायलीय. सोबत कासारीण आणायलीय म्हणं, बांगड्या भरायला."

महेश म्हणजे नवरा मुलगा. पिंगळीत मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान. आई लहानपणीच गेली, या कमलआत्याने वाढवला. पोरगा तिच्या शब्दाबाहेर नाही, असं मध्यस्थाने आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. आता त्या कौतुकाचा घास कुणाच्याच घशाखाली उतरेना. "मोडलं तर पुन्हा दुसरं जमणार न्हाई, आक्का," मन्मथ म्हणाला. "एकदा कोडाचं नाव निघालं की कोण यायलंय दारात?"

आईच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला एकाहत्तराव्या वर्षी कळला. माझी बुद्धी अशी वेळेवर चालते.

पिंगळीकर येतात

कमलआत्या आल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग, आवाजात मध. मागे कासारीण, डोक्यावर हिरव्या बांगड्यांची टोपली.

"चुडा आमच्याकडून भरायचा म्हणलं," त्या म्हणाल्या. "आमच्यात अशी रीत हाय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्यापासून."

शिवानी पाटावर बसली. कासारणीने हात दाबून माप घेतलं. कमलआत्यांनी बाही वर सरकवली. "कोपरापस्तोर घे गं बाई, वर गोट बी घालायचेत." हात उलटा केला, सुलटा केला. मग दुसरा हात. मग म्हणाल्या, "जोडव्याचं माप घ्यावं लागंल, पाय पुढं कर." पाय झाले. "पैंजणाचं बी बघू." घोटे झाले. "आता एकदाणीचं. पदर जरा बाजूला घे, मान बघू दे." मान झाली. पुण्यात लग्नाआधी रक्ततपासणीला नेतात. आमच्याकडे दागिने घालता घालता अख्खी मुलगी तपासून होते.

कमलआत्या मानेमागून खाली वाकल्या तशी शिवानी म्हणाली,

"आत्याबाई, पाठीवर कोणता दागिना घालतेत? तिथलं बी माप घेऊन टाका."

कासारणीच्या हातातली बांगडी तडकली. सुमनने पदर तोंडाला लावला. कमलआत्या सरळ झाल्या, आणि एवढ्या वेळचा मध गेला.

"तसं न्हाई पोरी. लोकं बोलायलेत."

आता माझी पाळी होती. मी आत गेले, बावचीची पिशवी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"बावची माझी. मी आणली, माझ्या या नातीसाठी."

कमलआत्यांची नजर ऋतुजाकडे वळली आणि त्या नकळत पाऊलभर मागे सरकल्या. "हिला हाय?"

"हिला सुरकुत्यांची भीती आहे."

"सुरकुत्या? हिला?" त्यांनी ऋतुजाचा चेहरा जवळून बघितला. "कुठं हायेत?"

"येणार आहेत," ऋतुजा म्हणाली. तिने बाटली आणली, दोन थेंब हातावर घेऊन दाखवले, उन्हाने कातडी कशी पिकते, अर्काने ती थोडी सावरते, बावचीतून तो कसा काढतात, हे सगळं समजावलं. किंमत सांगितली तेव्हा कासारीण टोपलीसकट खाली बसली.

"बावची इकत घेतेत? बाटलीत? तोंडासाठी?" कमलआत्यांचा विश्वास बसेना. कोडाची गोष्ट त्यांना पटली होती, ही पटेना. मग मी माझ्या भरताची गोष्ट सांगितली. छत्री, म्हैस, माळवद, सगळं, आणि थोडं वाढवूनही. अंगणात हशा पिकला. कमलआत्या डोळे पुसत हसल्या. चहा आला. निघताना त्यांनी ऋतुजाला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पोरी, ह्यानं वांग जातेत का?"

त्या गेल्या आणि मन्मथने हात जोडले. "वाचवलीस, आक्का." मीही मान वर करून बसले. स्वतःच लावलेली आग विझवून कौतुक करून घेण्यात मला पूर्वीपासून गती आहे.

मागच्या अंगणात शिवानी कपडे वाळत घालत होती. हातात नवा चुडा वाजत होता. म्हटलं, आता ही गळ्यात पडेल.

"आक्काआजी, लय छान बोललात. समद्यांना पटवलात, की मला कोड न्हाई."

"मग?"

"आन असतं तर?"

मी बादलीतला पंचा उचलून पिळायला घेतला.

"हेच मी त्यांना फोनवर इचारलं," ती म्हणाली.

"महेशला? काय म्हणाला?"

तिने चादर झटकली, तारेवर टाकली, कोपरे सरळ केले.

"म्हणले, आत्याला इचारून सांगतो."

सुमनला, मन्मथला तिने हे सांगितलं नव्हतं. मला म्हणाली, "उद्या शेतावर जाणार हाव ना तुमी? मी बी येते. त्यांना म्हणलंय, उत्तर घेऊन तिथं या. न्हाई आलात तर हळद लागणार न्हाई."

पुन्हा बांध

दुपार ऐन भरात. ओढ्याजवळ एकच कडुलिंब आहे, त्याखाली शिवानी उभी राहिली. मी आणि ऋतुजा लांब, बाभळीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत बावचीच्या शेंगा चोळत बसलो. चोळायला फारसं काही उरलं नव्हतं, पण हातांना काम हवं होतं आणि डोळ्यांना निमित्त.

मोटारसायकल आली. महेश उतरला. डोक्यावर टोपी नाही, तोंडाला रुमाल नाही. पिंगळीहून तसाच आलेला. लिंबाकडे चालत आला आणि सावलीत पाय टाकणार, तेवढ्यात शिवानीने हात वर केला. तिथेच, असा. तो थांबला. ती सावलीत, तो उन्हात, मध्ये हातभर अंतर.

मग तो काहीतरी पुटपुटला. ती हलली नाही. त्याने घाम पुसला.

"आजी," ऋतुजा कुजबुजली, "त्याचं नाक लाल होतंय. ट्यूब देऊन येऊ?"

"बस खाली. सोलून निघू दे. आधी उत्तर येऊ दे."

पुन्हा तो बोलला, या वेळी जरा मोठ्याने. माझ्या कानांवर एवढंच आलं, "आत्याला इचारलं न्हाई. सांगून आलोय." काय सांगून आला, ते वाऱ्याने नेलं. हातवारे मोठे होते. दोन वेळा त्याने स्वतःच्या हाताकडे बोट दाखवलं, तिथे मोटार दुरुस्त करताना भाजल्याचा जुना पांढरा डाग होता, तो नंतर जवळून दिसला. शिवानी ऐकत होती. जमिनीकडे नाही, सरळ त्याच्या तोंडाकडे बघत.

मी एकोणीस वर्षांची असताना पदर नाकापर्यंत ओढून बसले होते, आणि समोरच्याने मला काय विचारलं हेसुद्धा मला ऐकू आलं नव्हतं. त्याला मी काही विचारावं, हे तर माझ्या त्या सुंदर डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. डोक्यात सगळी साय होती.

मग शिवानी एक पाऊल बाजूला सरकली. खोडाला टेकून तिने सावलीत जागा केली, एका माणसापुरती. तो आत आला.

"काय म्हणाला असेल?" ऋतुजाने विचारलं.

शिवानीला मी नंतर तीन-चार वेगवेगळ्या चलाख पद्धतींनी विचारलं. तिने दर वेळी मला चहा दिला.

परत

लग्न भर दुपारच्या मुहूर्तावर झालं. येसराची आमटी सगळ्यांनी ओरपली, मंडपात पंखे फिरले नाहीत, आणि कमलआत्या सर्वांत पुढे होत्या. ऋतुजाने आपली बाटली त्यांना देऊन टाकली होती. दोन थेंब, संध्याकाळी, असं बजावलं होतं. त्यांनी अर्धी बाटली लावली होती, सकाळीच. सगळ्या फोटोंत नवरीच्या मागे एक चेहरा समईसारखा चकाकतोय, तो त्यांचा. निघताना त्यांनी शिवानीच्या बांगड्या नीट केल्या, आणि या वेळी बाही वर केली नाही.

बावचीची पिशवी पुण्याला आली. मैत्रिणीने प्रयोगशाळेत नेली आणि अजून काही कळवलेलं नाही. ऋतुजा आता रोज रुमाल बांधून बाहेर पडते, वर मलमही लावते. मी जिंकले, हे तिने मान्य केलेलं नाही.

तुम्ही कधी ताडकळसच्या बाजूला गेलात तर बांधावर बघा, ओढ्याच्या कडेला मिळेल. लावू नका, नुसती बघा. बाजारात चाचांच्या दुकानात मागितलीत तर ते आधी इकडेतिकडे बघतील, मग आवाज खाली आणून विचारतील, कुणासाठी. तुम्ही आवाज खाली आणू नका. मिरच्यांच्या ढिगापर्यंत जाईल असं सांगा, "माझ्यासाठी."